बडोद्याची गायनशाळा

महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना १९४९ची, पण त्याचा संगीत विभाग विद्यापीठाहून त्रेसष्ट वर्षांनी मोठा आहे. बडोदे संस्थानात १८८६ साली निघालेली गायनशाळा हे त्याचे मूळ. सूरसागर तलावासमोरच्या आजच्या ‘फॅकल्टी ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स’मध्ये गायन, वादन, नृत्य आणि नाट्य यांचे पदवीपर्यंतचे व त्यापुढचेही शिक्षण मिळते. शहरातले लोक तिला अजून ‘म्युझिक कॉलेज’च म्हणतात. भारतात विद्यापीठांतून संगीत शिकवण्याची सुरुवात कशी झाली आणि विद्यापीठाने जाहीर मैफली का कराव्यात, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे या एका संस्थेच्या इतिहासात सापडतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गाणे शिकण्याचा मार्ग एकच होता: उस्तादाचा गंडा बांधायचा आणि त्याच्या घरी वर्षानुवर्षे राहायचे. चिजा तोंडी मिळत, त्याही गुरूची मर्जी असेल तेव्हा. ऐकणाऱ्यांचीही तीच गत. चांगले गाणे दरबारात, सरदारांच्या वाड्यात किंवा कलावंतिणीच्या माडीवर होई. साध्या कारकुनाला किंवा मास्तराला ते ऐकायला मिळण्याची सोय फारशी नव्हती. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा मुलगा १८७५ साली दत्तक होऊन बडोद्याच्या गादीवर आला आणि १८८१मध्ये सयाजीराव महाराजांच्या हाती पूर्ण अधिकार आले. त्यांनी १८९३मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६मध्ये तो राज्यभर लागू केला. संगीताकडेही ते याच दृष्टीने पाहत. ज्या विद्येवर राज्याचा पैसा खर्च होतो ती प्रजेला शिकता आली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

या कामासाठी त्यांना मौलाबक्ष मिळाले. १८३३ साली आजच्या हरियाणात जन्मलेल्या या गायक-बीनकाराने उत्तरेतली तालीम घेतली होतीच. शिवाय दक्षिणेत जाऊन कर्नाटक संगीताचाही अभ्यास केला होता आणि म्हैसूर दरबारात मान मिळवला होता. कर्नाटक संगीतातली शिस्त, तिथले क्रमाने चढत जाणारे पाठ आणि लिहून ठेवलेल्या रचना यांचा त्यांच्यावर खोल परिणाम झालेला दिसतो. स्वरांची अक्षरे आणि तालाच्या खुणा वापरून त्यांनी स्वरलेखनाची स्वतःची पद्धत बसवली, तीत क्रमिक पुस्तके लिहिली आणि ती मराठी व गुजराती वाचकांच्या हाती दिली. विष्णु दिगंबर पलुसकरांचे लाहोरचे गांधर्व महाविद्यालय १९०१चे आणि भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेचा काळ त्याहूनही पुढचा. गाणे कागदावर उतरवून वर्गात शिकवण्याच्या कामात मौलाबक्षांचा मान पहिल्या काहींमध्ये लागतो. महाराष्ट्रात त्यांचे नाव जितके घेतले जायला हवे तितके घेतले जात नाही.

गायनशाळेत वर्ग, वेळापत्रक, परीक्षा आणि हजेरी हे सगळे होते. कुठल्या घराण्यातला किंवा कुठल्या जातीचा, हा प्रश्न प्रवेशाच्या आड येत नव्हता. उस्तादांना हे रुचणे कठीण होते. हयातभर जपलेल्या चिजा कागदावर गेल्या की त्यांचा भाव उतरणार, ही भीती खरी होती. हरकत, मींड, लगाव या गोष्टी अक्षरांत मावत नाहीत, हा आक्षेपही खोटा नव्हता. तरी शाळेने जे साधले ते लहान नव्हते. इथून बाहेर पडलेल्या मुलांपैकी थोडेच व्यावसायिक गवई झाले असतील, पण यमन आणि भूप वेगळे ओळखणारा, तिहाई समेवर येताना मान हलवणारा श्रोता याच वर्गांतून तयार झाला. मौलाबक्षांचे नातू इनायत खाँ (जन्म १८८२) याच वातावरणात वाढले आणि १९१०मध्ये अमेरिकेला गेले. पाश्चात्त्य देशांत त्यांची ओळख पुढे सूफी गुरू म्हणून झाली.

शाळेच्या जोडीला ‘कलावंत कारखाना’ होता. दरबारातले गवई, बीनकार, सारंगिये, पखवाजी, सनईवाले आणि नर्तकी या सगळ्यांचे हे सरकारी खाते. कोणी कोणत्या वारी, कोणत्या वेळी हजर राहायचे, रजा कशी मागायची, गैरहजेरीला दंड किती, हे छापील नियमांनी ठरले होते. मोठ्या उस्तादाला कारकुनासारखी रजाचिठ्ठी लिहावी लागणे आजही बोचते. पण याच नियमांमुळे कलावंताची रोजी धन्याच्या लहरीवर अवलंबून राहिली नाही. त्याला ठरलेला पगार मिळू लागला. मौलाबक्ष १८९६मध्ये वारले. पुढे शाळेचे काम फ्रेडिलिस या युरोपीय बँडमास्टरकडे आणि नंतर हिरजीभाई डॉक्टर यांच्याकडे गेले. कमाटी बागेतल्या बँडस्टँडवर वाजणारे संगीत तर कुणालाही फुकट ऐकता येई.

मराठी संगीताशी बडोद्याचे नाते राज्यकारभारापुरते नाही. भास्करबुवा बखले जन्मले बडोदे संस्थानातल्या कठोर गावी, आणि त्यांची पहिली भरीव तालीम झाली ती बडोद्याचे फैज महंमद खाँ यांच्याकडे. पुण्याचा भारत गायन समाज काढणारे आणि बालगंधर्वांना घडवणारे गुरू ते हेच. १८९०च्या दशकात तरुण अब्दुल करीम खाँ बडोद्याला आले. सरदार मानेंची कन्या ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकू लागल्या आणि पुढे दोघांनी मिळून बडोदे सोडले. त्यांची मुलगी हिराबाई मिरजेत जन्मली, पण आडनाव तिने बडोदेकर असेच लावले. किराणा घराण्याचा महाराष्ट्रातला विस्तार याच घरातून झाला.

मार्च १९१६मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. कल्पना आणि आखणी मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे यांची, आश्रय सयाजीरावांचा. दरबारी गवई, संस्कृत पंडित, संस्थानिक आणि इंग्रज अधिकारी एका सभागृहात आमनेसामने बसले. उत्तर हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासावरचा आपला प्रसिद्ध इंग्रजी निबंध भातखंड्यांनी इथेच वाचला. सर्वांत जास्त तापला तो श्रुतींचा वाद. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी अधिकारी क्लेमेंट्स यांनी बावीस श्रुतींचे गणित मांडून खास हार्मोनियम बनवून घेतला होता. नेहमीच्या पेटीत सप्तकात बारा पट्ट्या असतात. या पेटीत त्यांच्या दरम्यानच्या सूक्ष्म जागांसाठी जादा सूर बसवले होते. पेटी वाजवून दाखवण्यात आली, पण आंदोलित गंधार किंवा उतरता रिषभ गळ्यात नेमका कुठे लागतो, हे पेटीच्या ठरावीक सुरांत बसवणे गवयांना पटले नाही. तंजावरचे अब्राहम पंडितर आपल्या मुलींना घेऊन आले होते आणि त्यांनी आपला चोवीस श्रुतींचा सिद्धांत वीणेवर उलगडून दाखवला. या वादाचा निकाल लागला नाही. महत्त्व आहे ते या गोष्टीला की संगीताचे शास्त्र जाणकारांपुढे उघडपणे, वाजवून आणि गाऊन तपासले गेले. दिवसा निबंध आणि संध्याकाळी मैफल, हा क्रम पुढच्या परिषदांनीही ठेवला. या परिषदांच्या मालिकेतूनच १९२६ साली लखनौचे मॅरिस कॉलेज निघाले.

त्या सुमारास आग्रा घराण्याचे फैयाज खाँ बडोद्याचे दरबारी गवई होते. म्हैसूरकरांनी त्यांना ‘आफताब-ए-मौसिकी’ हा किताब दिला होता. खर्जातला भरदार आवाज, नोमतोमची धिमी आलापी, मग बोलबनाव आणि लयीशी खेळत गायलेला ख्याल, शेवटी ठुमरी किंवा दादरा. मैफल कशी बांधावी याचा हा आराखडा मुंबई-पुण्याच्या कित्येक गवयांनी त्यांच्याकडून उचलला. त्यांच्याकडे तालमीसाठी भातखंड्यांनी आपला तरुण शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर याला पाठवले. बडोदे संस्थानाने त्याला शिष्यवृत्ती दिली. रातंजनकरांनी एका गुरूकडून लेखी शास्त्र घेतले आणि दुसऱ्याकडून गळ्याची तालीम. पुढे ते लखनौच्या कॉलेजचे प्राचार्य झाले आणि नंतर खैरागढच्या संगीत विद्यापीठाचे कुलगुरू. वर्गातले संगीत आणि मैफलीतले संगीत परस्परविरोधी नाहीत, याचा रातंजनकरांइतका ठळक पुरावा दुसरा नाही, आणि तो घडला बडोद्यात. फैयाज खाँ ५ नोव्हेंबर १९५० रोजी बडोद्यातच वारले.

नृत्याची वाट वेगळ्या दिशेने आली. १८८० साली सयाजीरावांचे लग्न तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी झाले. बडोद्यात त्या चिमणाबाई झाल्या. त्यांच्याबरोबर तंजावरहून गौरा आणि कांतिमती या नर्तकी आणि त्यांचे नट्टुवनार, म्हणजे नृत्यगुरू, आले. भरतनाट्यम गुजरातेत रुजले ते या ताफ्यामुळे. कांतिमतींचे पुत्र कुबेरनाथ तंजोरकर यांनी ती परंपरा कॉलेजच्या वर्गात आणली. नृत्याला विद्यापीठाच्या पदवीचा दर्जा देशात आधी दिला तो बडोद्यानेच. सी. व्ही. चंद्रशेखर यांच्यासारखा श्रेष्ठ नर्तक इथे अनेक वर्षे शिकवत होता, तर सुंदरलाल गांगाणी यांनी कथक शिकवले.

संस्थान विलीन झाल्यावर राजाश्रय संपला आणि गायनशाळा विद्यापीठाचे कॉलेज झाली. या वळणावर ती मागे पडली असती, पण रमणलाल मेहतांसारखे प्राचार्य तिला लाभले. कॉलेज म्हणजे गवई तयार करण्याची जागा, एवढ्यावर ते थांबले नाहीत. संगीताचा इतिहास, श्रवण, आवाजाची साधना, शिक्षणाची पद्धत यांवर संशोधन व्हावे म्हणून १९७० साली त्यांनी इंडियन म्युझिकॉलॉजिकल सोसायटी स्थापन केली आणि तिचे नियतकालिक बडोद्याहून काढले. संगीतावर गंभीर लिहिणाऱ्या मराठी अभ्यासकांनाही या नियतकालिकाचा मोठा आधार होता.

अशा विभागाची जाहीर मैफल तिकीटविक्रीच्या मैफलीहून वेगळी असते. मोठ्या पदव्यांसाठी विद्यार्थ्याला परीक्षकांपुढे मंचावर गावे-वाजवावे लागते आणि ऐकणारे समोर असतात. बंद खोलीत बरोबर लागणारा तानपुऱ्याचा पंचम सभागृहातल्या उकाड्यात उतरतो, जव्हारी बिघडते, तबलजीला चढा सूर हवा असतो आणि गाणाऱ्या मुलीची पट्टी काळी चार असते. हे प्रश्न वहीत सुटत नाहीत, मंचावरच सुटतात. विलंबित एकतालात सम गाठण्याआधी श्वास कुठे घ्यायचा, श्रोते चुळबुळ करू लागले तर आलाप किती आवरायचा, हेही तिथेच कळते. म्हणून विद्यार्थ्यांचे कार्यक्रम, शिक्षकांचे कार्यक्रम आणि बाहेरून बोलावलेल्या कलावंतांच्या बैठकी या तिन्ही गोष्टी संगीत विभागाच्या वर्षात असायलाच हव्यात. एक नसेल तर शिक्षण अपुरे राहते. प्रवेश खुला असावा, याचे कारण १८८६ची मूळ भूमिका: शिकणाऱ्याइतकाच ऐकणाराही घडवायचा आहे. पावसाळा सरला की नवरात्रीच्या गरब्यांनी शहर जागे होते आणि थंडीच्या महिन्यांत शास्त्रीय संगीताच्या बैठकींना जोर येतो.

वडोदऱ्याला जाणारे बहुतेक मराठी पाहुणे लक्ष्मीविलास राजवाडा आणि कमाटी बाग पाहून परततात. म्युझिक कॉलेज सूरसागरच्या काठावर, जुन्या शहराच्या मध्यात आहे. मराठी रसिकाने तिथे संध्याकाळी जावे, कुठला कार्यक्रम आहे याची चौकशी करावी आणि एखाद्या विद्यार्थ्याची बैठक शेवटपर्यंत ऐकावी.