विश्लेषण : कोल्हापूरकर पंचगंगेला ‘फुटां’त का मोजतात?

जुलै उजाडला की कोल्हापुरात चहाच्या गाड्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘बंधाऱ्यावर पाणी किती?’ उत्तर फुटांत येते. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, तर ४३ फूट ही धोका पातळी. या चार फुटांच्या अंतरात नदीकाठच्या अनेक घरांची आवराआवर होते.

पाच गंगा कोणत्या?

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोकश्रद्धेनुसार गुप्त असलेली सरस्वती. प्रयाग चिखली येथे त्यांचा संगम होतो. तेथून कोल्हापूर, इचलकरंजी असा सुमारे ८० किलोमीटरचा प्रवास करून पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते.

शहराचे नदीशी नाते किती जुने?

नदीकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवरील उत्खननात सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष मिळाले. ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्तीही येथेच सापडली. ती टाऊन हॉल संग्रहालयात आहे. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या काठाचा व्यापार समुद्रापार पोहोचला होता. आजही त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे पंचगंगा घाट पणत्यांनी उजळतो.

शाहू महाराजांनी काय केले?

पावसाळ्यात दुथडी भरणारी नदी उन्हाळ्यात आटत असे. म्हणून राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावतीवर राधानगरी धरणाचे काम हाती घेतले. ते स्वातंत्र्यानंतर पूर्ण झाले. धरणाचे सात दरवाजे पाणी ठरावीक पातळीला आले की आपोआप उघडतात. एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटते, त्यामुळे ‘कितवा दरवाजा उघडला’ हीदेखील येथे बातमी असते.

नदीवर जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपला की खांबांच्या खाचांत बर्गे टाकून पाणी अडवायचे, पावसाळ्याआधी ते काढून नदीला वाट मोकळी करायची. या पाण्यावर ऊस उभा राहिला आणि उसावर सहकारी साखर कारखाने.

मग पूर इतका का रेंगाळतो?

संगमाच्या बाजूचा प्रदेश सपाट आहे. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, ते मागे पसरते. यालाच फुगवटा म्हणतात. २०१९ आणि २०२१ मध्ये पातळी ५५ फुटांच्या वर गेली. प्रयाग चिखली, आंबेवाडी आणि शिरोळ तालुक्यातील गावांना माणसांसह जनावरे घेऊन बाहेर पडावे लागले. गोठा सोडवत नाही म्हणून शेवटच्या क्षणापर्यंत थांबणारी कुटुंबे दर पुरात असतात. दुभती म्हैस हीच अनेकांची रोजची मिळकत असते.

पुराचा सोहळा कसा?

नृसिंहवाडीच्या दत्त मंदिरात वाढलेले पाणी उत्तरेकडून शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिण दाराने बाहेर पडते. या ‘दक्षिणद्वार’ सोहळ्यात स्नानासाठी भाविकांची झुंबड उडते. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती सुरक्षित ठिकाणी हलवली जाते. हलायचे केव्हा, हे मंदिराच्या रिवाजातच ठरलेले आहे.

आज प्रश्न कोणता?

दोन. पहिला प्रदूषणाचा : सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी नदीत मिसळते, उन्हाळ्यात जलपर्णी पसरते, मासे मरतात. इचलकरंजीत २०१२ मध्ये दूषित पाण्यामुळे काविळीची साथ आली आणि त्यात बळी गेले. दुसरा पूररेषेचा : नदी जिथे पसरते तिथेच भराव टाकून बांधकामे झाली, की ते पाणी दुसऱ्याच्या दारात जाते.

बर्गे वेळेवर काढायचे, मूर्ती वेळेवर हलवायची, हे या खोऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पूररेषेतला बांधकाम परवाना वेळेवर नाकारायचा, एवढेच अजून जमलेले नाही.