श्रद्धा, बुद्धि आणि एक जुना खटला

श्रद्धा आणि बुद्धि ह्या एकमेकींच्या सवती होत, असा पुष्कळ सुशिक्षितांचा ग्रह आहे, व त्यास पुरावा म्हणून गॅलिलिओचा खटला दाखविण्यांत येतो. आमच्या मतें हा पुरावा उलट बाजूचा आहे.

पृथ्वी सूर्याभोंवतीं फिरते या मताबद्दल १६३३ सालीं रोमच्या धर्मन्यायासनानें त्या वृद्ध ज्योतिर्विदास गुडघे टेंकून तें मत सोडावयास लाविलें, आणि १६४२ सालीं मरेपर्यंत नजरकैदेंत ठेविलें. परंतु आरोपी नास्तिक नव्हता. त्याच्या दोन मुली मठांत जोगिणी झाल्या होत्या. बायबल आणि सृष्टि हीं दोन्ही ईश्वराचींच. तेव्हां सृष्टींत सिद्ध झालेल्या गोष्टीशीं बायबलाचा विरोध दिसल्यास अर्थ लावणाराच चुकला असला पाहिजे, असें त्यानें १६१५ सालींच लिहिलें होतें. श्रद्धेचें सत्य बुद्धीच्या सत्यास खोडूं शकत नाहीं, हें संत टॉमस अक्वायनस यानें तर तेराव्या शतकांतच प्रतिपादिलें होतें.

मग भांडण कोणाचें? अधिकाराचें व शोधाचें. गॅलिलिओचा पुरावा तेव्हां अपुरा होता, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण अपुऱ्या पुराव्यास उत्तर अधिक तपास हें होय, शिक्षा नव्हे. त्या वेळच्या धर्मशास्त्र्यांची चूक पोप दुसरे जॉन पॉल यांनीं १९९२ सालीं कबूल केली. त्यामुळें ख्रिस्ती धर्म बुडाला नाहीं.

जो सावकार वही दाखविण्यास कचरतो, त्याच्याच जमाखर्चाविषयीं संशय येतो. आमच्या वाचकांनीं आपापल्या धर्माच्या वह्याही निर्भयपणें उघडाव्या.