नवी बोट, पहिली फेरी : आधी पारख, मग नफा

आमचा धंदा कापडाचा. मासळीशी आमचा संबंध ताटापुरता. तरीही या पानावर नव्या बोटीच्या पहिल्या फेरीविषयी लिहायला बसलो, याला कारण आहे. नवा धंदा काढणाऱ्या आपल्या तरुणांना जी गोष्ट आम्ही दुकानाच्या गादीवर बसून वर्षानुवर्षे सांगत आलो, ती वसईचा एक नाखवा दोन दिवसांत कृतीने दाखवून गेला.

‘नाखवा’ हा शब्दच पाहा. फारसीत ‘नाखुदा’ म्हणजे नावेचा धनी. बंदर, दर्या हे शब्दही त्याच वाटेने मराठीत आले. हा किनारा व्यापाराचा जुना नाका आहे. आजचे नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. अरब भूगोलकारांनी त्याला ‘सुबारा’ म्हटले. विरारजवळच्या आगाशीत सोळाव्या शतकात जहाजे बांधली जात. वसईचे पाचूबंदर, नायगाव, अर्नाळा येथील कोळीवाडे आजही समुद्रावर जगतात. तेव्हा हा विषय आपल्याला अगदी परका नाही.

जाळे न घेता निघालेली बोट

पाचूबंदरचे एक नाखवा आमचे जुने गिऱ्हाईक. लाकडी बोट नवी बांधली. निशाणांसाठी रंगीत कापड घ्यायला दुकानात आले आणि आम्हाला पहिल्या फेरीला बोलावून गेले. हंगाम ऐन भरात होता. शेजारच्या बोटी रोज बोंबील, मांदेली, करंदी घेऊन येत होत्या. आम्हाला वाटले, आज नव्या बोटीची पहिली मासळी पाहायला मिळणार. पण बोटीवर पाहतो तो जाळेच नाही!

आम्ही विचारले, “नाखवा, जाळे विसरलात काय?”

ते हसले. म्हणाले, “शेठ, आज जाळं घेतलं तर सगळ्यांचे डोळे जाळ्यावर राहतील. इंजिनाकडे कोण बघणार?”

वाचक बंधूंनो, या एका वाक्यात सगळे आले. पहिली फेरी कमाईची नसते, पारखीची असते.

पहिल्या फेरीत काय तपासतात?

लाकडी बोटीच्या फळ्यांच्या फटीत कापसाची वात ठोकून वर तेल-राळेचा लेप देतात. बोट पाण्यात उतरली की कोरड्या फळ्या पाणी पितात, फुगतात आणि फटी हळूहळू आवळल्या जातात. म्हणून नव्या बोटीत सुरुवातीला थोडे पाणी झिरपले तर कोणी घाबरत नाही. पण ते दिवसागणिक कमी झाले पाहिजे. कमी न होता वाढू लागले, तर बोट परत वर ओढावी लागते. आता पुष्कळ बोटी फायबरच्या असतात किंवा लाकडावर फायबरचा थर देतात. त्यांत फळ्या फुगण्याचा प्रश्न राहत नाही, परंतु सांधे आणि पंख्याच्या दांड्याची जागा तिथेही पाहावीच लागते.

दुसरी गोष्ट इंजिनाची. जमिनीवर टेकू देऊन उभी असलेली बोट आणि पाण्यावर तरंगणारी बोट यांच्या आकारात बारीक फरक पडतो. जमिनीवर इंजिन आणि पंख्याचा दांडा एका रेषेत अचूक बसवला, तरी पाण्यात उतरल्यावर ती रेष पुन्हा तपासावी लागते. हे केले नाही तर बोट थरथरते, दांड्याचे बेअरिंग झिजते आणि एक दिवस भर समुद्रात काम अडते. इंजिन पूर्ण वेगाचे फेरे घेते की नाही, हेही पाहतात. घेत नसेल तर पंखा बोटीला मोठा पडतो आहे असे समजावे. असे इंजिन डिझेल खाते आणि लवकर थकते. शिवाय नव्या इंजिनाला सुरुवातीचे काही तास पूर्ण जोर देत नाहीत, आणि पहिले तेल लवकर बदलतात.

तिसरी गोष्ट वजनाची. रिकामी बोट एक वागते, बर्फ, डिझेल, पाणी, जाळे आणि माणसे चढल्यावर दुसरे. ओले जाळे डेकवर उंच रचले की बोटीचा तोल वर सरकतो. म्हणून पहिल्या दिवशी रिकामी बोट चालवून पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी जाळे-सामान चढवून त्याच पाण्यात वळणे घेऊन पाहिली. होकायंत्रही तपासले. जवळच्या लोखंडामुळे त्याचा काटा सरकतो; म्हणून किल्ल्यासारख्या ओळखीच्या खुणेवर नाळ रोखून फरक किती पडतो ते लिहून ठेवले.

पाणी पाहून पाऊल

वसईच्या खाडीतून बाहेर पडायचे तर पाणी पाहावे लागते. साधारण सव्वासहा तासांनी भरतीची ओहोटी होते, आणि रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते. तेव्हा या किनाऱ्यावर पाणी चार-पाच मीटरही चढते-उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग असते, पाण्याला ओढ कमी.

इथली डोल जाळ्याची मासेमारी तर या ओढीवरच उभी आहे. डोल म्हणजे समुद्रात बांधून ठेवलेली लांबलचक पिशवी. तिचे तोंड प्रवाहाकडे असते, प्रवाहच ते उघडे ठेवतो आणि मासळी आत लोटतो. म्हणून डोलकर उधाणाचे दिवस कामाचे धरतो. आमच्या नाखव्यांनी मात्र पारखीसाठी मुद्दाम भांगाचे दिवस निवडले. पाण्याला जोर कमी, त्यामुळे नव्या बोटीला धोका कमी. आणि कमाईचे दिवसही फुकट गेले नाहीत. बाजार मंदा असतो तेव्हा दुकानाची मोजदाद करावी, तसाच हा हिशेब.

कागद आणि जीव

बोटीची नोंदणी वेगळी आणि मासेमारीचा परवाना वेगळा, हे पुष्कळांना ठाऊक नसते. महाराष्ट्रात सागरी मासेमारी नियमनाचा कायदा १९८१ सालचा आहे. मुंबईवर २६ नोव्हेंबर २००८ रोजी समुद्रमार्गे हल्ला झाला, तेव्हापासून बोटीचा क्रमांक आणि खलाशांची ओळखपत्रे यांची तपासणी कडक झाली. कागद अपुरे असतील तर पहिली फेरी धक्क्यावरच संपते.

जीवाचे सामान त्याहून महत्त्वाचे. माणशी एक लाइफ जॅकेट, चालू वायरलेस, आग विझवण्याचे साधन, औषधांची पेटी. वायरलेसवर संकटाची हाक सोळाव्या चॅनेलवर देतात. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे खलाशांना तोंडपाठ हवेत. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० साली आली. तिच्या सामूहिक अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख रुपये ठरवले गेले. आपल्या खलाशांची नावे विम्यात आहेत का आणि मुदत चालू आहे का, हे सोसायटीत विचारूनच बोट सोडावी.

बोटीची किंमत म्हणजे भांडवल नव्हे

आता मुख्य मुद्दा. बोट बांधून झाली म्हणजे धंदा उभा राहिला असे समजणारे फसतात. पहिली मासळी विकली जाण्याआधी डिझेल, बर्फ, शिधा, खलाशांची उचल, जाळ्यांची दुरुस्ती हे सारे रोखीने लागते. शासन यांत्रिक बोटींच्या डिझेलवरील करात सवलत देते, पण परतावा मागाहून येतो. पंपावर मोजावी लागणारी रक्कम आधी हातात हवी. आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत बोट कमवत नाही, पण घर, कर्जाचा हप्ता आणि डागडुजी थांबत नाही.

समजा, एकाने वीस लाख जमवले आणि वीसच्या वीस लाख बोटीत घातले. दुसऱ्याने सोळा लाखांची जरा लहान बोट घेतली आणि चार लाख हातात ठेवले. धक्क्यावर पहिल्याची बोट उठून दिसेल. पण पहिल्याच आठवड्यात तो मासळीच्या व्यापाऱ्याकडे उचल मागायला जाईल. व्यापारी नाही म्हणणार नाही. अट एकच : माल मलाच द्यायचा. मग भावही त्याचाच. चार पैसे जास्त देणारे दुसरे गिऱ्हाईक समोर उभे असले तरी नाखव्याला माल फिरवता येत नाही. बोटीवर नाव मालकाचे, हुकूम सावकाराचा!

कापडवाल्यांना हे नवे नाही. अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीचा माल बंगालमध्ये ‘दादनी’वर, म्हणजे आगाऊ उचलीवर घेतला जाई. उचल घेतलेला विणकर मालाचा भाव ठरवू शकत नसे. आम्ही स्वतः तरुणपणी भिवंडीत चार माग टाकले. होता-नव्हता पैसा मागांत घातला आणि सुताला दमडी उरली नाही. परिणामी तीन वर्षे दुसऱ्याचे सूत घेऊन मीटरमागे मजुरीवर विणत बसलो. माग आमचे, वीजबिल आमचे, कापड मात्र दुसऱ्याचे. शेवटी दोन माग विकून सूत घेतले, तेव्हा कुठे कापड आमचे झाले. त्या वेळी एखादा नाखवा भेटला असता तर!

वाट्याचा व्यवहार

एक चांगली गोष्टही सांगितली पाहिजे. पुष्कळ बोटींवर खलाशाला पगार असतो, पण वाट्याची जुनी रीतही काही ठिकाणी टिकून आहे. विक्रीतून डिझेल, बर्फ, शिध्याचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्याचे ठरलेले वाटे बोट-जाळ्याला आणि माणसांना द्यायचे. मासळी कमी आली तर सर्वांनाच कमी. आपल्याकडे शिर्कत आणि मुदारबत म्हणतात तो व्यवहार याच्या जवळचा : व्याजाचा आकडा नाही, नफा आणि जोखीम दोन्ही वाटून. मात्र यात हिशेब उघडा हवा. आमच्या नाखव्यांनी पहिल्या फेरीचे डिझेलसुद्धा वहीत लिहिले आणि तांडेलाला वाचून दाखवले. मासळी नव्हती, तरी हिशेब होता.

तिसऱ्या फेरीला जाळे गेले. पहिल्या मासळीतून शेजाऱ्यांचा वाटा काढला, त्यात आमच्या घरीही बोंबील आले. बाकीचा माल धक्क्यावर नेला आणि दोन-तीन गिऱ्हाइकांचे भाव ऐकून मग विकला. हे तीन भाव ऐकण्याचे स्वातंत्र्य त्यांनी हातात राखलेल्या रकमेने विकत घेतले होते.

तेव्हा दुकान असो, माग असो, वर्कशॉप असो, पहिल्या दिवशी गल्ला मोजायला बसू नका. गळती कुठे आहे, ओझे किती पेलते आणि पाणी कोणत्या बाजूला ओढते, हे आधी पाहा. यंत्र थोडे लहान घ्या, पण चालवायला पैसा राखून ठेवा. कारोबारात बरकत तिथेच टिकते जिथे मालाचा भाव मालक स्वतः ठरवू शकतो.