शंभर कोटींतला एक रुपया

दुबई ते मुंबई सरळ रेषेत सुमारे १,९३० किलोमीटर. जाऊन-येऊन ३,८६० किलोमीटर. काचेच्या तंतूतून धावणारा प्रकाश सेकंदाला २ लाख किलोमीटर कापतो. म्हणजे एवढं जाणं-येणं त्याला अवघ्या १९ मिलिसेकंदांचं काम! समुद्रातल्या केबलची वाट वळणावळणाची असते, मध्ये यंत्रांचे थांबे असतात, म्हणून दुप्पट धरा: ४० मिलिसेकंद. पापणी लवायला निदान १०० मिलिसेकंद लागतात. तुमची पापणी एकदा लवते तेवढ्यात दुबईच्या करामातून निघालेला संदेश मुंबईला दोनदा जाऊन परत आलेला असतो.

आणि तरीही शारजातल्या अल नाहदाच्या फ्लॅटमध्ये नातू ओरडत असतो, "आजी, तू अडकलीस! हलतच नाहीयेस!" तिकडे साताऱ्यात आजी व्यवस्थित बोलत असते. हॉलमध्ये सुसाट चालणारं वायफाय बेडरूमच्या दारात दम तोडतं, रात्री आठला रांगतं, पहाटे पुन्हा धावायला लागतं. अडतं कुठे? चला, आकडे हातात घेऊन ही वाट एकदा चालून पाहू.

सुरुवात समुद्रापासून. फुजैराच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या केबली वर येतात. त्यांतली सी-मी-वी ४ ही सिंगापूरपासून फ्रान्सच्या मार्सेपर्यंत गेलेली केबल फुजैरालाही टेकते आणि मुंबईलाही. लांबी सुमारे १८,८०० किलोमीटर. मुंबई-पुणे रस्त्याने १५० किलोमीटर धरा आणि ते अंतर एकापुढे एक सव्वाशे वेळा मांडा! एवढी लांब काच समुद्राच्या तळाशी पसरलेली, आणि तिचा प्रकाश वाहून नेणारा गाभा जाडीला मिलिमीटरचा जेमतेम शंभरावा भाग.

ती तुटत नाही का? तुटते. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन मोठ्या केबली तुटल्या, आणि दोनच दिवसांनी, १ फेब्रुवारीला, दुबईपासून ५६ किलोमीटरवर फाल्कन ही तिसरी केबल तुटली. तिथे सापडला एक बेवारस नांगर, वजन पाच-सहा टन! सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ तांबड्या समुद्रात केबली तुटल्या, तेव्हाही अमिरातीपासून भारतापर्यंत इंटरनेट मंदावलं. पण समुद्रात घाव बसला की शेजाऱ्याचं, ऑफिसचं, अख्ख्या शहराचं नेट एकदम रांगतं. शेजारी झकास सिनेमा पाहतोय आणि तुमचं तेवढं ठप्प आहे, तर समुद्राला दोष देऊ नका.

जमिनीवर तर अमिरातीचा थाटच वेगळा. इथल्या १०० घरांपैकी सुमारे ९९ घरांपर्यंत काचेचा तंतू पोचलेला आहे. या बाबतीत हा देश जगात अव्वल. मोबाइल इंटरनेटच्या वेगातही, वेग मोजणाऱ्या उक्ला कंपनीच्या २०२४ सालच्या क्रमवारीत, अमिरातीने पहिला क्रमांक मिळवला. समुद्र झाला, शहर झालं, लिफ्टशेजारच्या शाफ्टमधून काच तुमच्या मजल्यावर चढली, दारातून आत आली. आता उरले राउटर ते पलंग असे १० मीटर.

खरी गंमत याच १० मीटरांत आहे!

राउटर हवेत लहरी सोडतो. किती? २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सेकंदाला २४० कोटी. सेकंदाला एक याप्रमाणे त्या मोजायला बसलात, रात्री झोपला नाहीत, जेवायला उठला नाहीत, तर एका सेकंदाच्या लहरी मोजायला ७६ वर्षं लागतील. अख्खं आयुष्य! आणि ५ गिगाहर्ट्झचा पट्टा? त्यातली ५.५ गिगाहर्ट्झची वाहिनी घ्या: सेकंदाला ५५० कोटी लहरी. बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली आगगाडी सुटली १६ एप्रिल १८५३ रोजी. त्या दिवशी फलाटावर उभं राहून कुणी सेकंदाला एक अशी मोजणी सुरू केली असती, तर त्या एका सेकंदाचा हिशेब आज कुठे संपत आला असता. आणि या लहरींचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर. एका सेकंदात मुंबई-पुणे दोन हजार वेळा!

एवढा वेग, एवढी संख्या. पण ताकद? आता जरा धरून बसा.

राउटरची अँटेना हवेत सोडते ती शक्ती सुमारे १०० मिलिवॅट, म्हणजे वॅटचा दहावा भाग. ९ वॅटचा एक एलईडी दिवा जेवढी वीज घेतो, तेवढ्यात असे ९० राउटर बोलतील. या १०० मिलिवॅटना आपण १०० कोटी रुपये म्हणू आणि ही रक्कम पलंगापर्यंत नेऊ. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी चारी दिशांना फाकतात. पहिल्या मीटरवरच फोनच्या वाट्याला १०० कोटींतले उरतात १ लाख! अजून एकही भिंत आलेली नाही, नुसती मोकळी हवा. १० मीटरवर उरतात १,००० रुपये. आता काँक्रीटची भिंत. तिने १० डेसिबल गिळले, म्हणजे दहातले नऊ भाग गेले: उरले १०० रुपये. दुसरी भिंत: १० रुपये. आणि राउटर जर दाराजवळच्या कपाटात, तारांच्या लोखंडी डब्यात कोंबलेला असेल आणि त्या डब्याच्या दारानेही दहातले नऊ खाल्ले, तर तुमच्या हातात पडतो १ रुपया.

शंभर कोटी निघाले, एक रुपया पोचला! आणि ५ गिगाहर्ट्झवर? तिथे अँटेनेच्या हाती सुरुवातीलाच जवळपास पाव रक्कम लागते आणि काँक्रीट जास्त खातं. म्हणून हॉलमध्ये वाऱ्यासारखं धावणारं ५ गिगाहर्ट्झच दोन भिंतींपलीकडे आधी गळतं.

थक्क करणारी गोष्ट अशी, की या एका रुपयात फोन सिनेमा दाखवतो. सिग्नल मोजणारं ॲप उघडा, ते उणे आकडे दाखवेल. उणे ५० म्हणजे १०० रुपये, उणे ६० म्हणजे १० रुपये, उणे ७० म्हणजे १ रुपया, उणे ८० म्हणजे १० पैसे. उणे ६५-६७ च्या वर असाल तर व्हिडिओ कॉल निवांत चालतो. त्याच्या खाली घसरलात की आजी गोठायला लागते. आणि जागा किती नाजूक असते पाहा: २.४ गिगाहर्ट्झची एक लहर साडेबारा सेंटिमीटर लांब. भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींना कुठे बळ देतात, कुठे पुसून टाकतात. फोन चार बोटं सरकवला तरी रुपयाचे दहा होऊ शकतात.

हे झालं एका घराचं. आता इमारत मोजू या, कारण अमिरातीत माणसं उंच इमारतींत राहतात.

प्रत्येक राउटर आपलं नाव हवेत पुकारत असतो, सहसा दर १०२.४ मिलिसेकंदांनी एकदा. म्हणजे सेकंदाला जवळपास दहा वेळा. दिवसाला? ८ लाख ४३ हजार ७५०! कुणी नेट वापरो न वापरो, घरातली माणसं सुट्टीत गावी गेलेली असोत, पुकारा चालूच. आता बुर्ज खलिफा घ्या: ८२८ मीटर उंच, सुमारे ९०० सदनिका. सदनिकेमागे एकच राउटर धरला तरी दिवसाला ७६ कोटी पुकारे. २०११ च्या जनगणनेतल्या महाराष्ट्राने, ११ कोटी २४ लाख माणसांनी, प्रत्येकाने दिवसातून पावणेसात वेळा आपलं नाव ओरडून सांगावं, तेवढे! आणि प्रत्येक राउटर दोन्ही पट्ट्यांवर बोलतो. झाले १५२ कोटी. भारताच्या लोकसंख्येहून जास्त हाका, एका दिवसात, एका इमारतीत.

आणि या गर्दीला २.४ गिगाहर्ट्झवर मोकळे रूळ किती? तीन! वाहिन्या तेरा दिसतात, पण एकमेकींवर न चढणाऱ्या तीनच: १, ६ आणि ११. रात्री आठला अख्खी इमारत घरी येते आणि सगळ्या गाड्या याच तीन रुळांवर सुटतात. तुमचं वायफाय नेमकं तेव्हाच का रांगतं, ते आता सांगायला नको.

त्यात स्वयंपाकघरातली भट्टी. मायक्रोवेव्ह ओव्हन चालतो २.४५ गिगाहर्ट्झवर, याच पट्ट्यात. आत १,००० वॅट. राउटरच्या दहा हजार पट. भट्टी बंदिस्त असते, पण दहा हजारांतला एक भाग जरी बाहेर झिरपला तरी तो राउटरच्या पूर्ण आवाजाएवढा भरतो. भात गरम होईपर्यंत कॉल तुटतो तो असा.

वेगाचंही पाहा. वायफाय ६ चा चांगला फोन राउटरजवळ सेकंदाला १२० कोटी बिट उचलू शकतो. एक बिट म्हणजे पाण्याचा एक थेंब माना. एका लिटरात साधारण २० हजार थेंब. सहा मीटर व्यासाची, दहा मीटर पाणी मावणारी गावाकडची विहीर घ्या: २ लाख ८० हजार लिटर, ५६० कोटी थेंब. राउटरजवळचा फोन ती पाच सेकंदांच्या आत काठोकाठ भरतो! आणि तिसऱ्या खोलीतला, पैशांवर आलेला फोन घसरत घसरत सेकंदाला ६० लाख बिटांवर येतो. तीच विहीर भरायला त्याला पंधरा मिनिटं पुरत नाहीत. दोघं एकाच वाहिनीवर, आणि वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलायचं. माहितीची जी चिठ्ठी जवळचा फोन १० मायक्रोसेकंदांत धाडतो, तिला लांबचा २,००० मायक्रोसेकंद घेतो. दोनशे पट! खंडाळ्याच्या घाटात डेक्कन क्वीनपुढे मालगाडी लागावी, तसं सगळं घर त्या एका फोनमागे तटतं.

ज्यांच्या घरी काच न घेता ५-जीचा वायरलेस राउटर ठेवलाय, त्यांच्यासाठी आणखी एक आकडा. ३.५ गिगाहर्ट्झवर ३०० मीटर लांबच्या टॉवरकडून, अँटेनांची मदत बाजूला ठेवली, तर मोकळ्या हवेतही येतो जवळपास २०० कोटींतला एक भाग. पुढे ऊन अडवणारी, धातूचा पातळ थर दिलेली खिडकीची काच. ती उरलेल्यातलेही शंभरातले ९९ अडवू शकते! तो राउटर टॉवरच्या बाजूच्या खिडकीशी ठेवा आणि एकेक खिडकी बदलून पाहा.

आता सगळ्यात बोलका आकडा. लॅपटॉपवरून तुमच्याच राउटरला पिंग करा, म्हणजे एक हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजा. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो. सगळं ठीक असेल तर उत्तर दोन-पाच मिलिसेकंदांत येतं. पण बिघडलेल्या घरात ते २०० मिलिसेकंद दाखवतं. राउटर १० मीटरवर. जाऊन-येऊन २० मीटर. लहरीला त्यासाठी लागतात सेकंदाच्या अब्जाव्या भागाचे ६७ भाग. आणि लागले २०० मिलिसेकंद. तीस लाख पट! चिठ्ठी गेली, फाटली, पुन्हा गेली, रांगेत थांबली, पुन्हा फाटली. तेवढ्या वेळात काचेतला प्रकाश कुठे पोचतो? ४० हजार किलोमीटर. विषुववृत्तावरून पृथ्वीला एक अख्खी प्रदक्षिणा! प्रकाश पृथ्वीभोवती फिरून येईल तेवढा वेळ तुमचा निरोप हॉलमधून बेडरूममध्ये यायला घेतोय.

म्हणून तक्रार नोंदवण्याआधी हे मोजा. लॅपटॉप तारेने थेट राउटरला जोडा. तारेवर वेग पूर्ण आणि हवेत अर्धा, तर दोष घरातल्या १० मीटरांचा. तारेवरही रडत असेल, तर मग खुशाल कंपनीला फोन करा. फक्त व्हॉट्सॲपचा कॉल लागत नसेल, तर तो अमिरातीचा नियम आहे, वायफायचा आजार नव्हे. परवानगी असलेल्या बोटिमसारख्या ॲपवर बोला. राउटरला उन्हाळ्यात बंद कपाटात शिजवू नका: बहुतेकांची हमी ४० अंशांपर्यंतची, आणि दुबईचा जुलै बाहेरच ४० ओलांडतो. जवळच्या फोनांना ५ गिगाहर्ट्झ द्या, २.४ वर १, ६, ११ पैकी सगळ्यात कमी गर्दीची वाहिनी निवडा. लांबच्या खोलीच्या भिंतीत नेटवर्कचं सॉकेट असेल, तर तिथवर तार नेऊन दुसरा छोटा राउटर लावा.

आणि सगळ्यात आधी राउटर त्या लोखंडी डब्यातून बाहेर काढा. दाराचे १० डेसिबल वाचले: रुपयाचे झाले १०. घराच्या मधोमध, उंचावर ठेवा, वाटेतली एक भिंत वाचेल: १०० रुपये. अंतर १० मीटरांवरून ५ वर आलं, आणखी चौपट: ४०० रुपये! पलंग तोच, फोन तोच, महिन्याचं बिल तेच. एक दिरहमही खर्च न करता चारशे पट!