एकाच उधारीचे दोन मेसेज का जातात? टॉमकॅटमध्ये चूक शोधण्याची सोपी पद्धत



हळद विकली की आपल्या हिंगोलीत उधारी चुकती व्हायला लागते. त्या दिवसांत माझ्या दुकानाचं बिलिंग सॉफ्टवेअर रोज सकाळी उधारीच्या आठवणीचे मेसेज पाठवतं. एकदा तेच मेसेज प्रत्येकाला दोनदा गेले. वडिलांच्या काळापासूनचे एक गिऱ्हाईक दुकानात येऊन म्हणाले, "भाऊ, देतो म्हणलो ना, मग दोन-दोनदा काय मागता?" चूक कम्प्युटरची, पण मान माझी खाली गेली.

हे सॉफ्टवेअर टॉमकॅट नावाच्या जावा वेब सर्व्हरवर चालतं. टॉमकॅट म्हणजे एक दुकान समजा. काउंटरवरची पोरं म्हणजे थ्रेड. स्वतःहून सेटिंग बदललं नाही, तर टॉमकॅट अशी जास्तीत जास्त 200 पोरं ठेवतो. शिवाय सॉफ्टवेअर स्वतःचं एक पोरगं मागच्या खोलीत बसवतं, ते ठरल्या वेळी मेसेज पाठवतं. हा बॅकग्राउंड थ्रेड.

काम दोनदा होण्याची दोन मुख्य कारणं आहेत.

1. जुना थ्रेड थांबलाच नाही. टॉमकॅट चालू असतानाच नवीन अपडेट टाकलं, की तो जुनं सॉफ्टवेअर काढून नवीन चढवतो. पण मागच्या खोलीतल्या पोराला 'दुकान बदललं' हे सॉफ्टवेअरनंच सांगावं लागतं. नाही सांगितलं, तर जुनं पोरगं काम करतच राहतं आणि नवीनही कामाला लागतं.

2. सॉफ्टवेअर दोनदा चढलं. ही कॉन्फिगरेशनची चूक. वेब-पत्ता छोटा करायला कुणीतरी 'सर्व्हर डॉट एक्सएमएल' फाइलमध्ये 'कॉन्टेक्स्ट' ओळ लिहितं आणि सॉफ्टवेअरचं फोल्डर 'वेबॲप्स'मध्येच राहतं. मग टॉमकॅट त्याला दोन नावांनी दोनदा सुरू करतो.

ओळखायचं कसं? टॉमकॅट पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. मेसेज एकदाच गेला, पण पुढच्या अपडेटनंतर परत दोनदा गेला, तर कारण पहिलं. रिस्टार्टनंतरही दोनदाच जात असेल, तर दुसरं कारण आधी तपासा.

माझ्याकडे पहिलं निघालं. 'लॉग्स' फोल्डरमधल्या 'कॅटालिना' फाइलमध्ये टॉमकॅटनं स्पष्ट इशारा दिला होता: या ॲप्लिकेशननं थ्रेड सुरू केला, पण थांबवला नाही. तिथं थ्रेडचं नावसुद्धा असतं. तेवढी ओळ मी सॉफ्टवेअरवाल्याला पाठवली. 'आमच्याकडून सगळं बरोबर आहे' म्हणणारा माणूस लगेच कामाला लागला.

उपाय

- पहिल्या कारणाचा पक्का इलाज कोडमध्ये आहे: ॲप्लिकेशन बंद होताना थ्रेडही बंद झाला पाहिजे. हे काम सॉफ्टवेअरवाल्याचं. तोवर अपडेटच्या आधी टॉमकॅट पूर्ण बंद करा, टास्क मॅनेजरमध्ये त्याचा प्रोसेस संपल्याची खात्री करा, मगच नवीन फाइल टाका.
- दुसऱ्या कारणात ती जादा 'कॉन्टेक्स्ट' ओळ काढून टाका. छोटा पत्ता हवाच असेल, तर 'वेबॲप्स'मधल्या फाइलला 'रूट' हे नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत द्या. सेटिंग बदलण्याआधी जुन्या फाइलची कॉपी ठेवा आणि बदलल्यावर टॉमकॅट रिस्टार्ट करा.

सॉफ्टवेअर विकत घेताना आपण किंमत विचारतो, फीचर विचारतो. आणखी एक प्रश्न विचारा: "अपडेट टाकल्यावर जुने थ्रेड बंद होतात का?" उत्तर नीट आलं नाही, तर घाई करू नका. पैसा परत कमावता येतो, गिऱ्हाइकाचा विश्वास कमवायला मात्र फार वेळ लागतो.