फॅरो बेटांचा ठेका

उत्तर अटलांटिक महासागरात, आइसलँड, नॉर्वे आणि स्कॉटलंड यांच्या दरम्यान, अठरा खडकाळ बेटांचा एक पुंजका आहे. त्याला फॅरो बेटे असे म्हणतात. क्षेत्रफळ सुमारे १,४०० चौरस किलोमीटर आणि लोकवस्ती ५५,००० च्या आसपास. डेन्मार्कच्या राजसत्तेखाली असूनही या बेटांना १९४८ पासून अंतर्गत स्वायत्तता आहे. यानुस रासमुसेन हे संगीतकार आणि डीजे याच बेटांचे सुपुत्र. एवढ्याशा लोकसमूहातील कलावंताला जगापर्यंत पोहोचण्यासाठी काय करावे लागते आणि त्यात त्याच्या हातून काय निसटण्याचे भय असते, याचे उत्तर त्यांच्या वाटचालीत सापडते.

हे भय समजण्यासाठी बेटांची जुनी गानपरंपरा पाहिली पाहिजे. वीरपुरुषांच्या कथा सांगणारी दीर्घ कथागीते तेथे शतकानुशतके गायिली जात आहेत. स्त्रीपुरुष हातात हात गुंफून साखळी करतात; एकजण गीत उचलतो आणि पालुपद आले की सारे त्यात सूर मिसळतात. वाद्य मुळीच नसते. डावीकडे दोन पावले, मग उजवीकडे एक, या क्रमाने जमिनीवर पडणारा पायांचा आघात हाच ताल. शेकडो कडवी या एकाच ठेक्यावर तोलली जातात.

या गीतांनी केवळ करमणूक केली नाही. चर्चमध्ये आणि कारभारात डॅनिश भाषेचा अंमल होता; फॅरोई भाषेला सर्वमान्य लेखनपद्धती अशी नव्हतीच. ती १८४६ साली हामर्सहाइम्ब यांनी घालून दिली. तोपर्यंत ही भाषा बोलणाऱ्यांच्या मुखात आणि गाणाऱ्यांच्या कंठात टिकून होती. ज्या समाजाची भाषा गाण्याने जगविली, त्या समाजातील संगीतकार परदेशी गेला म्हणजे लोकांच्या मनात थोडी धाकधूक उत्पन्न होणारच.

परंतु जाण्यावाचून त्याला गत्यंतरही नसते. १९७७ साली क्रिस्तियान ब्लाक यांनी स्थापिलेल्या ‘तुट्ल’ या ध्वनिमुद्रण संस्थेने बेटांवरील संगीताला घरच्या घरी प्रकाशनाची सोय करून दिली, हे खरे. तथापि पंचावन्न हजारांच्या वस्तीत एखाद्या विशिष्ट संगीतप्रकाराचे श्रोते ते किती असणार? त्यातूनही डीजेचा व्यवसाय तर सर्वस्वी गर्दीवर अवलंबून.

डीजे हे ‘डिस्क जॉकी’ या शब्दांचे लघुरूप. डिस्क म्हणजे तबकडी, जॉकी म्हणजे शर्यतीचा घोडेस्वार. हे नाव मूळचे अमेरिकन नभोवाणीवरील तबकड्या लावणाऱ्या निवेदकांचे. न्यूयॉर्कच्या मार्टिन ब्लॉक यांनी १९३५ साली तबकड्यांची अशी मांडणी केली की श्रोत्याला आपण नृत्यगृहातच बसलो आहोत असे वाटावे. पुढे ही कला खरोखरीच्या नृत्यगृहात शिरली. दोन तबकड्यांची गती जुळवून एक रचना संपण्याआधीच दुसरी तिच्यात अशी मिसळायची, की सांधा कोणाला दिसू नये आणि नाचणाऱ्याचे पाऊल अडखळू नये, हे डीजेचे कौशल्य. आता तबकडीची जागा बहुधा संगणकाने घेतली आहे. कान मात्र तोच लागतो.

रासमुसेन यांनी आइसलँडची वाट धरली. तेथे ‘ब्लडग्रूप’ या वाद्यवृंदात ते सामील झाले. या वृंदातील इतर मंडळी आइसलँडची, हे एकटे फॅरोचे. २००७, २००९ आणि २०१३ या वर्षी वृंदाच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. याच काळात ध्वनितंत्रज्ञ म्हणून काम करणाऱ्या ओलावुर आर्नाल्ड्स या तरुण आइसलँडिक संगीतकाराशी त्यांचा स्नेह जुळला आणि त्यातून ‘कियास्मोस’ ही जोडी उदयास आली. आर्नाल्ड्स पियानो आणि तंतुवाद्यांच्या हळुवार रचनांसाठी प्रसिद्ध. रासमुसेन यांचा हात इलेक्ट्रॉनिक ठेक्यावर बसलेला. लंडनच्या ‘इरेझ्ड टेप्स’ने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या पहिल्या दीर्घ ध्वनिमुद्रिकेत या दोन्ही गोष्टी एकजीव झाल्या आहेत. खाली अखंड, समगतीचा ठेका आणि वर पियानोचे विरळ स्वर. हे संगीत पायांना चालना देते आणि मनाला अंतर्मुखही करते.

या संगीतात शब्द नाहीत. मग गाण्यातून जगलेल्या भाषेचे काय? या शंकेचे उत्तर रासमुसेन यांच्याच दुसऱ्या एका उपक्रमात आहे. गुडरिड हान्सदोत्तिर या फॅरोई गायिकेसह त्यांनी ‘बिर्ता’ नावाची जोडी उभारली आणि २०१३ साली तिची ध्वनिमुद्रिका निघाली. साज अद्ययावत इलेक्ट्रॉनिक, पण गीते फॅरोई भाषेतील. परदेशी संपादिलेले तंत्र अशा रीतीने मातृभाषेच्या कामी आले.

२०१९ साली त्यांनी ‘वीन’ ही स्वतंत्र ध्वनिमुद्रिका काढली आणि २०२४ साली, पहिलीनंतर दहा वर्षांनी, ‘कियास्मोस’ची दुसरी दीर्घ ध्वनिमुद्रिका आली.

जुन्या साखळीनृत्याचा आणि आजच्या नृत्यगृहातील संगीताचा थेट वंशसंबंध जोडणे हे धारिष्ट्याचे होईल. कथागीतात ठेका शब्दांना वाहून नेतो. डीजेच्या संगीतात ठेकाच पुष्कळदा सर्वस्व असतो. तरी एक साम्य विसरता येत नाही. दोहोंतही न थांबणारी एकच लय अनोळखी माणसांची पावले एकत्र आणते. लहान समाजाची कला कुंपण घातल्याने टिकत नाही. ती जाण्यायेण्याच्या वाटा मोकळ्या राहिल्याने टिकते. मात्र जाणाऱ्याला परत येऊन गावेसे वाटेल अशी भाषा घरी जिवंत असावी लागते. फॅरोच्या लोकांनी ती नाचत-गात जिवंत ठेवली, म्हणूनच ‘बिर्ता’ला गाण्यासाठी शब्द मिळाले.