प्रमाणपत्राचा श्रोता : चित्रपटांचे वयानुसार वर्गीकरण आणि घर

चित्रपटाच्या आरंभी पडद्यावर येणारे प्रमाणपत्र आपण पाहतो, परंतु वाचीत नाही. वस्तुतः ते एक विधान आहे. आणि विधानास जसा वक्ता असतो तसा श्रोताही असतो. चित्रपट चित्रपटगृहातून घरात आला तेव्हा ह्या विधानाचा श्रोता बदलला. त्यामुळे वर्गीकरणाच्या अर्थात काय पालट झाला, ह्याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला तेव्हा अशा प्रमाणपत्राची आवश्यकता नव्हती. १९१८ च्या कायद्याने ती निर्माण झाली व १९२० मध्ये मुंबईस सेन्सॉर मंडळ आले. वयाचा निकष मात्र १९४९ च्या दुरुस्तीने आला : ‘यू’ सर्वांसाठी, ‘ए’ १८ वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी. ख्वाजा अहमद अब्बास ह्यांच्या अनुबोधपटात मुंबईतील वेश्यावस्तीची दृश्ये होती, म्हणून त्यास ‘ए’ देण्यात आले. त्यांतून उद्‌भवलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये पूर्वपरीक्षण आणि हे द्विविध वर्गीकरण ही दोन्ही घटनासंमत ठरविली.

‘ए’ हे अक्षर कोणास उद्देशून होते? वरकरणी प्रेक्षकास, परंतु कायद्याच्या दृष्टीने चित्रपटगृहाच्या चालकास, आणि व्यवहारात दारावरील तिकीट तपासणाऱ्यास. जे. एल. ऑस्टिन ह्यांनी दाखवून दिल्याप्रमाणे काही विधाने वर्णन करीत नाहीत, कृती करतात. मात्र ती कृती सिद्ध होण्यास योग्य परिस्थिती व योग्य व्यक्ती लागतात. लालबागच्या भारतमाता चित्रपटगृहाच्या दारात ‘ए’ ही कृती सिद्ध होत असे, कारण तेथे द्वारपाल होता.

१९८० नंतरच्या दशकात गिरगाव-परळच्या चाळींत एका रात्रीपुरता व्हीसीआर भाड्याने येऊ लागला. एका खोलीत दोन-तीन बिऱ्हाडांची माणसे जमत आणि मुले पुढे बसत. कॅसेटच्या आवरणावर अक्षर तेच होते, परंतु द्वारपाल नव्हता. शिवाय, अशी खोली ‘घर’ म्हणावी की ‘सार्वजनिक स्थान’? ह्या प्रश्नाची एक बाजू १९८९ मध्ये ‘गरवारे प्लॅस्टिक्स विरुद्ध टेलिलिंक’ ह्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयापुढे आली. केबलद्वारा घरोघरी चित्रपट दाखविणे हे स्वामित्वहक्काच्या दृष्टीने जनतेपुढेच सादर करणे होय, असा निर्णय झाला. प्रेक्षक आपापल्या घरात बसला म्हणून तो ‘जनता’ ह्या संज्ञेबाहेर जात नाही, हा ह्याचा अर्थ.

इंग्लंडात हाच प्रश्न निराळ्या मार्गाने सोडविला गेला. तेथील १९८४ च्या व्हिडिओविषयक कायद्याने, ही चित्रमुद्रणे घरात पाहिली जाण्याचा संभव विशेषत्वाने ध्यानात घ्यावा, असे वर्गीकरण करणाऱ्यास बजावले. आपल्याकडे १९८३ मध्ये ‘यूए’ हा वर्ग आला. त्यात १२ वर्षांखालील मुलांविषयी निर्णय पालकांवर सोपविला होता. द्वारपालाऐवजी पालकास संबोधणारे आपले हे पहिले प्रमाणपत्र. पुढे सेंट झेवियर महाविद्यालयातील एका अध्यापिकेने २००४ मध्ये केलेल्या याचिकेवरून मुंबई उच्च न्यायालयाने दूरचित्रवाणीवर ‘ए’ चित्रपट दाखविण्यास प्रतिबंध केला. परिणामी एकाच चित्रपटाच्या दोन प्रती, चित्रपटगृहासाठी एक व घरासाठी छाटलेली दुसरी, रूढ झाल्या. अशा स्वतंत्र प्रमाणपत्रास २०२३ च्या दुरुस्तीने कायद्यात स्थान दिले. त्याच दुरुस्तीने ‘यूए’चे ७, १३ व १६ वर्षे असे तीन पोटभेद केले. आंतरजालावरील चित्रपटसेवांसाठी हेच टप्पे २०२१ च्या नियमांत आले होते. तेथे आशयाचे वर्णन देणे आणि १३ वर्षांपासूनच्या वर्गांना पालकांच्या हाती कुलूप देणे बंधनकारक आहे. द्वारपाल अशा रीतीने घरात परतला, परंतु आता तो आई किंवा बाप आहे.

येथे भाषेचा प्रश्न उपस्थित होतो. आपल्या प्रमाणपत्रावर रोमन अक्षराशेजारी नागरी अक्षर असते : ‘यू’साठी ‘अ’, ‘ए’साठी ‘व’. हा ‘व’ हिंदीतील ‘वयस्क’ ह्या शब्दाचा. मराठीत ‘वयस्क’ म्हणजे उतारवयाचा मनुष्य. १८ वर्षांच्या तरुणास कोणी वयस्क म्हणणार नाही, आपला शब्द ‘प्रौढ’. त्यातच, एका लिपीतील पहिले अक्षर ‘सर्वांनी पाहावे’ म्हणते, तर दुसऱ्या लिपीतील पहिले अक्षर ‘मुलांनी पाहू नये’ म्हणते. द्वारपालास हा घोळ बाधत नसे. त्याला अक्षराची नव्हे, आज्ञेची ओळख पुरत असे. पालकास मात्र अर्थ कळावा लागतो, कारण निर्णय त्याने घ्यावयाचा आहे.

अंकांचे नवे टप्पे ह्या दृष्टीने स्वागतार्ह होत. ७, १३, १६ हे कोणत्याही भाषेत वाचता येतात. परंतु अंक मर्यादा सांगतो, कारण सांगत नाही. हिंसा, भय की अपशब्द, हे सांगणारे वाक्य जोवर घरातल्या भाषेत येत नाही, तोवर अधिकार पालकाचा आणि समज मात्र दुसऱ्याची, अशी स्थिती राहील. ह्या वाक्यांची मराठी परिभाषा सिद्ध करणे हे विधिज्ञांचे काम नव्हे. ते भाषाविभागांचे आहे.